जन्मभर उपास झेपले, मग आताच का नाही?

पत्र

डॉक्टर, माझं वय ४९. सकाळच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून पाळीचा नेम राहिलेला नाही, शेवटची येऊन चार महिने झाले. याच काळात वजन ६२ वरून ६९ किलोवर गेलं आणि सगळं पोटावर बसलं. पुण्यातल्या मुलीनं मोबाइलवर ॲप टाकून दिलं. सोळा तास उपास, आठ तासांत खाणं. मी दुपारी १ ते रात्री ९ ही वेळ धरली. पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे करते, स्वतः मात्र दोन-तीन वेळा नुसती काळी कॉफी घेते. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले, मग काटा हलेना. आता चौथा महिना आहे. रात्री दीड-दोनला घामानं जाग येते, अंगातून वाफा निघतात, चौथ्या तासाला वर्गात डोकं गरगरतं, केस मुठीनं गळतात. यांचं दुकान साडेआठला बंद होतं, त्यामुळे जेवायला नऊ वाजतातच. खरं सांगते, सगळे झोपले की फरसाणाच्या बरणीत हात जातो. ते ॲपमध्ये टाकत नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे. सोमवार आणि चतुर्थी लग्नाआधीपासून करते, कधी काही झालं नाही. मग आताच का झेपत नाही? मैत्रीण म्हणते, या वयात उपाशी राहिलं की हार्मोन्स बिघडतात. चालू ठेवू की सोडू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, फरसाणाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. तीस वर्षं स्त्रीरोगाची ओपीडी करतेय. टेबलापलीकडे बसलेली बाई 'मी काहीच खात नाही हो' म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. उभ्यानं, घाईत, कुणाच्या नकळत खाल्लेलं तिच्या हिशेबात धरलेलंच नसतं, एवढंच. तुम्ही धरलंत, म्हणून मलाही नीट उत्तर देता येईल.

आधी तुमचा दिवस कागदावर मांडून पाहिला. पाचला उठणं, तीन डबे, शाळेचे चार-पाच तास, पायपीट, आणि पोटात कॉफी. दिवसातलं सगळ्यात कष्टाचं काम उपाशीपोटी होतं. एकला घरी आल्यावर जेवण, साडेचारला चहा, नऊला पुन्हा जेवण, वर फरसाण, आणि लगेच अंथरूण. म्हणजे हात-पाय चालतात तेव्हा अन्न नाही आणि झोपायच्या वेळी दोनदा अन्न. शिवाय फरसाण साडेदहाला पोटात जात असेल तर पुढच्या दुपारी एकपर्यंत साडेचौदा तासच होतात. सोळा तासांचा उपास तुम्ही फक्त ॲपपुरता करताय.

सकाळचंच खाणं का गेलं, याचा विचार केलात? घरातली इतर सगळी खाणी कुणाची ना कुणाची आहेत. दुपारचं मुलासोबत, रात्रीचं यांच्यासोबत, चहा सासूबाईंसोबत किंवा शेजारणीसोबत. सकाळचा नाश्ता फक्त तुमचा एकटीचा होता. तो सोडल्यानं कुणाचं काहीच अडलं नाही, म्हणून तो सुटला. इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे तुमच्यासारखा तास मोजून उपास, करणाऱ्या माझ्याकडच्या दहापैकी आठ बायका नेमका हाच घास सोडतात. शास्त्र म्हणून नाही, सोय म्हणून.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जन्मभर झेपलं, मग आताच का नाही?

कारण उपास करणारं शरीर तेच राहिलेलं नाही. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन भरपूर असतं तोवर बाईच्या अंगावरची चरबी मांड्यांवर आणि नितंबांवर साठते. ते उतरायला लागलं की चरबी आपली जागा बदलते आणि पोटाच्या आत, आतड्यांभोवती जमते. तिथली चरबी इन्सुलिनच्या कामात आडवी येते. म्हणून तेवढीच पोळी, तेवढाच भात खाऊनही घेर वाढतो. ही तुमची जिभेची चूक नाही. दुसरं, स्नायू चाळिशीपासून हळूहळू झिजत असतातच, आता त्या झिजेला वेग येतो. तिसरं हाडांचं. हाड खाणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की पाळी जातानाची आणि गेल्यानंतरची पहिली काही वर्षं हाडं सगळ्यात वेगानं विरळ होतात. विसाव्या वर्षी तुम्ही चतुर्थी केलीत तेव्हा खिशात शिल्लक होती, एक दिवस नाही भरलं तरी चालून जायचं. आता खातं रोज थोडं रिकामं होतंय आणि तुम्ही भरणाही कमी केलात.

भरणा म्हणजे कसला, ते तुमच्याच ताटावरून पाहू. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण आणि भात. चहासोबत दोन बिस्किटं. रात्री एक पोळी आणि दुपारची उरलेली भाजी. असं गृहीत धरते, कारण साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत साधारण हेच सांगितलं जातं. दोन पोळ्यांतून सहा-सात ग्रॅम प्रथिनं येतात. पातळ वरणाच्या वाटीतून चार. आमच्याकडे वरणात डाळ पोहायला शिकते इतकं पाणी असतं, त्यामुळे चारही जास्तच धरले. भात, भाजी, चहातलं दूध, रात्रीची पोळी, फरसाण, सगळं मिळून पंचवीस-तीस ग्रॅमच्या वर जात नाही. आपल्या देशाच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या वजनाला ती पंचावन्नच्या आसपास होतात, आणि या वयात किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडं वर असावं असं मी सांगते. तुम्ही गरजेच्या निम्म्यावर आहात. मग शरीर उरलेलं स्नायूंतून काढतं. पहिल्या महिन्यातल्या तीन किलोंत पाणी किती, स्नायू किती आणि चरबी किती, हे वजनकाटा सांगत नाही.

असंच एका अभ्यासात दिसलं होतं. २०२० मध्ये अमेरिकेत ११६ जणांवर बारा आठवडे प्रयोग झाला, दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खायचं, म्हणजे जवळजवळ तुमचंच वेळापत्रक. वजन किलोच्या आसपास उतरलं, आणि तीन वेळा नेमानं जेवणाऱ्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत फरक नगण्य निघाला. ज्यांची शरीराची तपासणी केली, त्यांच्यात गेलेल्या वजनाचा मोठा भाग चरबीचा नव्हता, स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा होता. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझोला १३९ जणांवर वर्षभर अभ्यास झाला. दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा आहार दिला, एका गटाला वर सकाळी ८ ते दुपारी ४ ही वेळेची अट घातली. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या उतरलेल्या वजनात ठाम म्हणावा असा फरक नव्हता. घड्याळात जादू नाही. घड्याळामुळे एरवीपेक्षा कमी खाल्लं गेलं तर फायदा होतो, नाही तर होत नाही.

मैत्रिणीचं म्हणणं मात्र तेवढं खरं नाही. शिकागोच्या एका गटानं रोज चार ते सहा तासांतच खाणाऱ्या स्त्रियांचे हार्मोन्स आठ आठवड्यांनी तपासले. त्यांत पाळी गेलेल्याही होत्या. पाळी गेलेल्यांचं इस्ट्रोजेन तपासलं, त्यात बिघाड दिसला नाही. डीएचईए नावाचं एक हार्मोन १४ टक्क्यांनी उतरलं, पण ठीक मानल्या जाणाऱ्या मर्यादेतच राहिलं. स्त्रिया सगळ्या मिळून २३ होत्या, त्यामुळे यावरून फार नाचण्यात अर्थ नाही. पण 'उपास केला की हार्मोन्स बिघडतात' असं म्हणायला आधार नाही. आणि 'उपास केला की रजोनिवृत्तीतले हार्मोन्स संतुलित होतात' असं सांगून चूर्ण विकणाऱ्यांनाही तो नाही.

आणखी एक. 'सोळा तास उपाशी राहिलं की शरीर स्वतःचा कचरा खातं, याला नोबेल मिळालंय' हा निरोप तुमच्याही मोबाइलवर आला असेलच. नोबेल मिळालं हे खरं. २०१६ मध्ये जपानच्या योशिनोरी ओसुमींना, पेशी आपलेच जुने भाग कसे मोडून पुन्हा वापरतात या शोधासाठी. त्यांनी काम केलं ते यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वावर. सातारा जिल्ह्यातल्या शिक्षिकेनं नाश्ता सोडावा असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

माझं स्वतःचंही सांगून टाकते. एक्कावन्नाव्या वर्षी मीही दोनच जेवणांचा प्रयोग केला होता. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेली पद्धत, दिवसातून दोनदा जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं. तिचा फायदा झालेले पेशंट माझ्याकडे आहेत, विशेषतः सुटलेल्या पोटाचे, दिवसभर तोंड चालू असणारे पुरुष. माझ्या बाबतीत तिसऱ्या आठवड्यात एका लांबलेल्या सिझेरियननंतर थिएटरबाहेर भिंतीला टेकून खाली बसले. कपाळावर घाम, हाताला कंप. सिस्टरनं पार्लेचा पुडा फोडून हातात दिला आणि वर म्हणाली, 'मॅडम, तुम्हीच आम्हाला उपाशी राहू नका म्हणून ओरडता ना?' त्या दिवशी मी प्रयोग सोडला. पद्धत वाईट होती म्हणून नाही. माझ्या दिवसाला ती बसत नव्हती म्हणून.

तर ताई, उपास सोडायचा नाही, त्याचं टोक बदलायचं. तुम्ही कात्री सकाळकडून लावलीत, ती रात्रीकडून लावा.

संध्याकाळी सातला जेवण आटपायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, शाळेत जाण्याआधी, व्यवस्थित खायचं. मध्ये बारा तास. सोळा नाहीत, पण हे बारा तास खरे असतील. लवकर जेवण्याच्या बाजूनं थोडा पुरावाही आहे. २०१८ च्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनच्या आतच सगळं खायला लावलं, वजन मुद्दाम उतरू दिलं नाही, तरी इन्सुलिनचं काम आणि रक्तदाब सुधारला. ते आठच होते आणि पुरुष होते, म्हणून ते तुम्हाला जसंच्या तसं लावणार नाही. पण दिशा कळते. आपल्या जैन शेजाऱ्यांचा चोविहार आठवा, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. पाणी तुम्ही प्या, पण जेवण दिवे लागण्याच्या सुमारास, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

'हे नऊला येतात, त्यांच्याआधी मी कशी जेवू?' हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. माझ्या ओपीडीत हार्मोन्सपेक्षा याच प्रश्नावर जास्त वेळ जातो. त्यांच्या आधी जेवा. ते आले की गरम पोळी वाढा, समोर बसा, गप्पा मारा, वाटल्यास ताकाचा पेला हातात धरा. ज्या घरांत हे झालं तिथे पहिले चार दिवस 'बरं नाही का तुला?' असं विचारलं गेलं आणि पाचव्या दिवसापासून कुणी विचारलं नाही. एका बाईंच्या यजमानांनी तर दुकानात डबा मागवायला सुरुवात केली आणि त्यांचीही साखर खाली आली, पण तो माझा विषय नाही.

ताटाचं म्हणाल तर फार शोधाशोध नको. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही. पन्नास ग्रॅम मुगात बारा ग्रॅम प्रथिनं, दह्याच्या वाटीत पाच-सहा. अंडी खात असाल तर दोन अंड्यांची बारा ग्रॅम. दुपारी वरण घट्ट करा, किंवा मटकी-चवळीची उसळ मोठ्या वाटीनं घ्या आणि भात त्या प्रमाणात उतरवा. साडेचारच्या बिस्किटांच्या जागी मूठभर भाजलेले चणे. संध्याकाळी पिठलं-भाकरी, पनीर, मासे किंवा चिकन, घरात जे चालत असेल ते. आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी आणि वर तिळाची चटणी, कॅल्शियमसाठी. या वयात दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ते नुसत्या चहातल्या दुधातून येत नाही. रात्री साडेदहाची ती भूक बहुतेक फरसाणाची नसतेच, दिवसभर न मिळालेल्या प्रथिनांची असते. सकाळी नीट खाल्लंत की पंधरा दिवसांत तिचा जोर उतरतो, असा माझा अनुभव आहे.

कॉफी कमी करा. रिकाम्या पोटी तीन कप काळी कॉफी म्हणजे पित्त, धडधड आणि उडालेली झोप. अंगातून वाफा येणाऱ्या कित्येक जणींना कॉफी आणि लांबलेली भूक या दोन्हींनी जास्त त्रास होतो. तुमच्या थायरॉइडच्या गोळीलाही ती कॉफी नडते. गोळी पाचला साध्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढे निदान अर्धा-पाऊण तास काही नको, कॉफीही नको. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. केस गळण्याचं कारण यात कुठेतरी आहे. एकदम खाणं तोडलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. पण त्याचं खापर नुसत्या उपासावर फोडू नका, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. पाळी जातानाच्या काळात कधी कधी खूप अंगावर जातं, त्यात ते आणखी उतरतं. वर्गातली गरगर त्यामुळेही असू शकते. सोबत तीन महिन्यांची सरासरी साखर, ड जीवनसत्त्व आणि रक्तदाब.

सोमवार-चतुर्थीबद्दल. करा, पण 'एकादशी दुप्पट खाशी' होऊ देऊ नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. खिचडी खाल्ली की दोन तासांनी पुन्हा भूक, पुन्हा वाफा. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, दूध, पनीर हे सगळं उपासाला चालतं. ज्या दिवशी चतुर्थी असेल त्या दिवशी वेगळे तास मोजू नका आणि चंद्रोदय उशिराचा असेल तर दिवसभर निर्जळी मुळीच नको. गणपती रागावल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता जरा कडक बोलते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या बाईनं मुलीच्या ॲपवरून हे सुरू करू नये, साखर एकदम खाली जाऊन बेशुद्धी येऊ शकते. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं, ती चालू असताना लांबचा उपास तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्या, वजन आधीच कमी असलेल्या, किंवा पूर्वी खाण्याच्या विकारातून गेलेल्या बायकांनीही यापासून लांब राहावं. तुम्ही यातल्या कुठल्याच नाही, म्हणून बारा तासांना मी हो म्हणतेय.

चार महिने पाळी आली नाही म्हणजे पाळी गेली, असं धरू नका. सलग बारा महिने नाही आली की मग ती गेली असं आम्ही म्हणतो. तोवर तरी गर्भनिरोधन चालू ठेवाच, आणि कधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. हसू नका, सत्तेचाळिसाव्या वर्षी 'पाळी गेली' म्हणता म्हणता पाच महिन्यांच्या गरोदर होऊन आलेल्या बाई मी पाहिल्या आहेत. आणि बारा महिने उलटून गेल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी तडक स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, 'उष्णतेनं झालं असेल' म्हणून घरी बसायचं नाही.

रात्रीच्या वाफा खाण्याच्या वेळा बदलून दीड-दोन महिन्यांत कमी झाल्या नाहीत तर तेही अंगावर काढू नका. साठीच्या आतल्या आणि पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी स्त्रीला हार्मोनचे उपचार देण्याबद्दलची जुनी भीती बरीच ओसरली आहे. ज्यांना ते चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी औषधंही आहेत. आणि झोप परत मिळाली की अर्धी भूक तशीच आटोक्यात येते, कारण अपुऱ्या झोपेनंतर शरीर दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलंच मागतं.

चालणं चालू असेल तर ठेवा, पण चालण्यानं स्नायू फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पंधरा-पंधरा वेळा, आणि एकेक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन खांद्यांचा व्यायाम. मोकळ्या तासाला स्टाफरूममध्येही जमेल. सहकारी हसतील, मग त्याही सुरू करतील.

वजनकाटा सहा आठवडे कपाटात टाका आणि बेंबीच्या रेषेत शिंप्याच्या टेपनं घेर मोजून तारखेसह लिहून ठेवा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. आज तुमचा घेर किती का असेना, सहा आठवड्यांनी तो दोन-तीन सेंटीमीटरनं उतरला आणि चौथ्या तासाची गरगर गेली, तर काटा हलला नाही तरी मला चालेल. रिपोर्ट आले की कळवा.

आणि ती फरसाणाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवाल, म्हणून आधीच सांगते, ठेवू नका. रात्री साडेदहाला अंधारात स्टुलावर चढून पडलात तर आत्ताच ज्या हाडांबद्दल एवढं लिहिलं त्यांतलंच एखादं मोडायचं. यांच्या दुकानात पाठवून द्या.